थोरले, धाकटे आणि पाहुणे

आमच्या घराची वाटणी एका मंगळवारी सकाळी, पहिल्या चहाच्या आधी झाली. ती झाली हे आम्हाला सोडून अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

वाटणी म्हटली की मोजणी आली, एखादा मामा मध्यस्थीला आला, पितळी भांड्यांवरून दोन जावांचं बोलणं बंद झालं. आमच्याकडे यातलं काहीएक झालं नाही. मी फक्त एक फायरवॉल बसवली होती. तीही कुठे? एका कॉम्प्युटरच्या पोटातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, जो मुळात हाताला लागतच नाही! हाताला न लागणाऱ्या यंत्रावरून एका सज्जन माणसावर घर फोडल्याचा आळ येतो, तर न्याय अमरावतीतून उठून नेमका कुठे गेला, हे कोणीतरी मला सांगावं.

आम्ही दोघे भाऊ. थोरला दादा, त्याचं बाजारात कृषी केंद्र आहे. धाकटा मी, पुण्याच्या एका कंपनीचं नेटवर्कचं काम घरी बसून करतो. (घरच्यांच्या हिशेबी मी नुसताच घरी बसतो. दळण आणायचंय? शिऱ्या घरीच हाय. सिलिंडरवाला यायचाय? शिऱ्या घरीच हाय.) खाली दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी रेणू. वर मी आणि माझी बायको मंजू. स्वयंपाकघर एकच, खाली. वायफाय एकच, आणि त्याचा पासवर्ड गल्लीत विरजणासारखा फिरायचा. मागणाऱ्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

तर एक दिवस कंपनीचा हुकूम आला, की घरून काम करणाऱ्यानं कंपनीचं मशीन घरातल्या बाकी सगळ्या उपकरणांपासून वेगळं ठेवावं. हुकूम रास्तच होता. आमच्या वहिनी मोबाइलवर आलेल्या प्रत्येक लिंकला दारी आलेल्या माणसासारखं आत घेतात. अशाच एका मोफत साडीच्या लिंकपायी दादाचं बिलाचं मशीन दिवसभर खताच्या जागी साड्या दाखवत होतं.

मी कामाला लागलो. एक जुना डेस्कटॉप काढला. त्यात एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं, म्हणजे मोठ्या डब्यात लहान डबा. त्या लहान डब्याला केलं फायरवॉल, म्हणजे घरचा राखणदार. राखणदाराच्या मागे तीन खाजगी नेटवर्कं. एकातून दुसऱ्यात जायचं तर त्याला विचारायचं, आणि त्याला मी बजावून ठेवलेलं की कोणालाही जाऊ द्यायचं नाही. लाइन गेली तरी हे बंद पडू नये म्हणून त्याला वेगळा इन्व्हर्टर जोडला. मी कामात असताना चहासाठी सारखं खालीवर नको, म्हणून मंजूनं माझ्या खोलीत एक इंडक्शनची शेगडी आणून ठेवली. (ही शेगडी लक्षात ठेवा. आम्ही जन्मात विसरणार नाही.) रेणू शेजारी बसून सगळं बघत होती आणि "काका, हे काहून? काका, ते काहून?" विचारत होती. घरात माझ्या कामाची कदर असलेली तीच एक.

आता तीन नेटवर्कांना तीन नावं हवीत. वहिनींना बघताक्षणी कळावं की आपण कुठे जायचं, म्हणून खालच्या मजल्याचं आणि दुकानाचं नाव मी ठेवलं 'थोरले'. माझ्या कंपनीच्या कामाचं 'धाकटे'. आणि शेजारपाजार, टीव्ही, दारावरचा कॅमेरा या सगळ्यांचं 'पाहुणे'. किती सुटसुटीत! किती मर्यादाशील! जुनं एकच नाव मी पुसून टाकलं आणि समाधानानं झोपलो.

सकाळी कुंपणाच्या भिंतीवर शोभाकाकूंचा चेहरा उगवला. काकू आमच्या शेजारी, माहेर अकोल्याचं, आणि आमचा पासवर्ड त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून.

"काय वं मंजू, एवढं झालं अन् मले सांगतलं नाई?"

"काय झालं काकू?"

"लपवू नको माय. मोबाइलवर आलं हाय." काकूंनी मोबाइल भिंतीवरून पुढे केला. "हे पाय, थोरले. हे पाय, धाकटे. काल रातीपर्यंत एकच नाव होतं. एका रातीत वेगळे झाले!"

मी दात घासत होतो, तसाच धावलो. "काकू, ही वायफायची नावं आहेत!"

"मले समजते, वायफायचीच हायेत. अन् मी कुठी हावो? पाहुण्यात! तुह्या लग्नात पुरणपोळ्या कोणं लाटल्या रे? पाहुणे लाटतेत काय पुरणपोळ्या?"

"काकू, वाटणी नाही हो ही. ही सुरक्षा आहे."

"कोणापासून?"

इथे शहाण्या माणसानं खोटं बोलावं. मी म्हणालो, "एकमेकांपासून."

काकूंनी "बाप्पा!" म्हणून पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. मी चूळ भरून होईस्तोवर बातमी बडनेऱ्याच्या स्टेशनात पोचली असावी, कारण दुपारच्या आत ती अकोल्याला उतरली. ते पुढे येईलच.

घरात आलो तर वहिनी टीव्हीसमोर हात कमरेवर ठेवून उभ्या. त्यांची भजनं रोज मोबाइलवरून टीव्हीवर जातात, आज जाईनात. मी शांतपणे समजावलं, की तुमचा मोबाइल 'थोरले'मध्ये आहे आणि टीव्ही 'पाहुणे'मध्ये आहे, म्हणून त्यांची आता भेट होत नाही.

"टीव्ही पाहुण्यात?" वहिनींचा आवाज चढला. "भाऊजी, हा टीव्ही माह्या भावानं देला हाय. माह्या माहेरची वस्तू तुमी दाराबाहेर बसवली?"

"वहिनी, टीव्ही नेहमी वेगळाच ठेवतात. त्याचा भरवसा नसतो."

"माह्या भावाचा भरवसा नाई?"

त्या दिवशी मला भाजीत मीठ वेगळं घ्यावं लागलं, एवढंच सांगतो. संध्याकाळी दादा दुकानातून आला तो चपला न काढता ओरडला, "शिऱ्या! काय करून ठेवलं बे तू? हरभऱ्याचं बियाणं न्यायाले आलेला माणूस मले विचारते, मालक, शेत-वावर कोणाकडे गेलं? दुसरा विचारते, माय तुमच्याकडे राह्यली का धाकट्याकडे? आपल्या मायले जाऊन किती वर्षं झाली, त्याले ते बी माहीत नाई!"

"यात माझी काय चूक?" मी उसळलो. उसळणारच! "मी अख्ख्या घराचं रक्षण करून राहिलो आणि तुम्ही मलाच—"

"ते काढ. एक नाव कर."

"नाही काढणार. कंपनीचा नियम आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे."

आमच्या घरात तत्त्वाचा प्रश्न आला की माणूस ताटावरून उठतो. मी उठलो. (वर जाऊन इंडक्शनवर चहा केला. त्याच्याबरोबर टोस्ट खाल्ले. तत्त्व रिकाम्या पोटी टिकत नाही.)

आणि मग अकोल्याहून फोन आला. रेणूचं लग्न अकोल्याच्या निखिलशी ठरत आलं होतं. घरची दालमिल, मुलगा समजूतदार, दोघं एकमेकांना पसंत. साखरपुड्याची तारीख काढायची तेवढी राहिली होती. निखिलच्या वडिलांनी, नानासाहेबांनी, सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की बाकी काही नको, पण पोरगी एकत्र घरातली पाहिजे, तिला माणसांत राहायची सवय असते. आणि नानासाहेबांच्या घराला लागून घर कोणाचं? शोभाकाकूंच्या माहेरचं!

"आमी असं ऐकलं," नानासाहेब फोनवर दादाला म्हणाले, "का तुमचं भावाभावाचं वेगळं झालं. झालं असन तर झालं, घरोघर होते. पण आमच्यापासून लपवाचं काय काम होतं? रविवारी येतो आमी. घर पाहून मंगच पुढचं बोलू."

दादा खुर्चीत बसला तो बसलाच. मी मात्र अजून तत्त्वावर होतो. रविवारी सकाळी रेणू वर आली आणि दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले.

"काका, मले निखिल आवडतो. तुमच्या तीन नावांपायी हे मोडलं ना, तर मी तुमच्याशी जन्मभर बोलणार नाई."

हिला मी सायकल शिकवली. हिचे दहावीचे अल्जेब्रे सोडवताना माझे केस गेले. मी तत्त्व खड्ड्यात टाकलं आणि म्हणालो, "आत्ता तिन्हींचं एक नाव करतो. दोन मिनिटांचं काम."

पाहुणे यायच्या बेतात होते. मी घाईघाईनं आधी 'धाकटे' पुसलं. म्हटलं, सुरुवात आपल्या त्यागानं करावी! पुसलं, आणि मग आठवलं. मीच राखणदाराला बजावलं होतं, की हुकूम फक्त 'धाकटे'मधून आला तरच ऐकायचा. आता 'धाकटे' उरलंच नव्हतं. म्हणजे मी किल्ली आत ठेवून बाहेरून दार ओढून घेतलं होतं. राखणदार इमानदार. तो माझं एक अक्षर ऐकेना.

खालून वहिनींची हाक आली, "भाऊजी, शोभाकाकूचा फोन हाय! विचारून राहिल्या, धाकट्याले घरातून काढलं काय?"

कारण आता गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर 'थोरले' होतं, 'पाहुणे' होतं, आणि धाकट्याचा पत्ता नव्हता.

"अबे, बंद कर ना ते धूडच!" म्हणत दादानं सरळ मेन स्विच पाडला. पंखे थांबले, फ्रिज थांबला, देवघरातली माळ विझली. आणि 'थोरले' व 'पाहुणे' तसेच झळकत राहिले, कारण लाइन गेली तरी बंद पडू नये याची व्यवस्था मी जातीनं केलेली होती. घरात सगळं बंद, फक्त वाटणी चालू! मी इन्व्हर्टरकडे धावणार, तेवढ्यात फाटक वाजलं.

नानासाहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती आत आल्या. वऱ्हाडातलं ऊन, आणि डोक्यावर पंखा थांबलेला.

"लाइन गेली काय?" नानासाहेबांनी घाम पुसत विचारलं.

"हो ना," दादा म्हणाला, "आमच्याकडे सारखी जाते."

"आमच्याकडे तर हाय!" कुंपणापलीकडून काकूंनी कळवलं. कोणी विचारलं होतं?

नानासाहेबांनी सावकाश दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मीटरही वेगळं केलं म्हणा."

दादानं गुपचूप जाऊन स्विच वर केला. पंखा फिरला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाई उठल्या आणि "स्वयंपाकघर पाहू द्या बरं" म्हणून थेट आत शिरल्या. घर एक की दोन हे आमच्याकडे बैठकीत विचारत नाहीत, चुलीपाशी जाऊन बघतात. आत गॅस एकच, त्यावर पाटोड्यांचा रस्सा सगळ्यांसाठी एकाच गंजात रटरटत होता. वहिनींचा जीव भांड्यात पडला. तो त्यांनी तिथेच राहू द्यायला काय हरकत होती? पण नाही. आनंदाच्या भरात त्या म्हणाल्या, "चला ना, वरचा मजलाही दाखवतो!"

मंजूनं मला चिमटा काढला. मला वाटलं, नवीन साडीचं कौतुक कर म्हणते. मी म्हणालो, "साडी छान आहे." तोवर सगळे वर पोचले होते.

माझ्या खोलीत टेबलावर इंडक्शनची शेगडी. तिच्यावर चहाचं पातेलं. बाजूला साखरेचा डबा, चहाचा डबा, टोस्टचा पुडा, आणि (मंजूच्या मायेला काय म्हणावं!) फोडणीची छोटी पळी. एका रात्री तिनं मला पोहे करून दिले होते.

बाईंनी शेगडीला हात लावून पाहिला. कोमट होती. "ही दुसरी चूल," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

रेणू जिन्यात उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि मला बोलल्याशिवाय राहवेना. "अहो ताई, ही चूल नाही! इथे माझं फायरवॉलचं मशीन आहे, त्याच्यामागे तीन खाजगी नेटवर्कं आहेत—"

"तीन?" नानासाहेब म्हणाले. "तिसरा भाऊ बी हाय?"

आणि दादा फुटला. "तू गप बस बे! लहानपणापासून असाच हाय तू! बाबांचा रेडिओ उघडला होता, अजून बसवला नाई तो! पोरीचं लग्न बसवाले चालला!"

"रेडिओ?" मीही फुटलो. पाहुणे बिहुणे विसरलो. "रेडिओ तू पाडला होतास! मार मी खाल्ला! आणि वरूडची संत्र्यांची पेटी आली की चांगली चांगली कोण काढून ठेवायचं? मला उरलेली, आतून सुकलेली बोळकी! जन्मभर बोळकी खाल्ली मी!"

"बोळकी? माह्या सायकलवर मांग बसून कॉलेजले कोण जाये? एकदा तरी चढावर उतरला काय तू? गधा वाहून नेला मी चार वर्षं!"

"गधा कोणाला म्हणतोस?"

"तुले! अन् चाल आता खाली जेवाले, सकाळपासून उपाशी हायेस, रस्सा थंडा होऊन राहिला. जेवून मंग दाखवतो तुले!"

"नाही जेवणार!"

"जेवशीन! मंजू, त्याच्या ताटात तेलाची तर्री टाकजो नको, पित्त होते त्याले!"

मग कुठूनतरी खसखस ऐकू आली. नानासाहेब हसत होते. हसता हसता त्यांनी माझ्याच खुर्चीत बसकण मारली.

"चाला, जेवू आपण बी," ते बायकोला म्हणाले. "हे कायचे वेगळे झाले? वेगळे झालेले भाऊ असे भांडतेत काय कधी? आमी तिघं भाऊ वेगळे झालो, तवापासून एक शब्द वाकडा नाई आमच्यात. या, बसा, चहा घेता काय. घरात कोणी मेल्यासारखं गोड बोलतो आमी." हसू थोडं ओसरलं. "भांडाले घर एक लागते हो. पोरगी पसंतच होती, आता घरही पसंत हाय."

वहिनी रडायला लागल्या, मंजू रडायला लागली, रेणूनं येऊन आधी बापाच्या आणि मग (जरा विचार करून) माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते इन्व्हर्टरवर पडू नये म्हणून मी बाजूला झालो, तर त्यावरही दादा ओरडला.

पानावर बसल्यावर दादानं रीतीप्रमाणे विचारलं, "नानासाहेब, देण्याघेण्याचं, मानपानाचं काही असन तर सांगून टाका."

"काहीच नको. नारळ अन् पोरगी," नानासाहेब म्हणाले. मग रश्शाची वाटी खाली ठेवून गंभीर झाले. "पण एक अट हाय. तुमच्या या भावानं आमच्या घरच्या वायफायले हात लावाचा नाई."

दादा ताबडतोब म्हणाला, "मंजूर." मला विचारलंसुद्धा नाही! माझ्या देखत, माझ्या घरात, माझ्या पंगतीला बसून माझ्याविरुद्ध नियम झाला आणि सगळ्यांनी त्यावर हसत पाटोड्या खाल्ल्या.

लग्न थाटात झालं. मी सगळं पुसून नव्यानं मांडलं. कंपनीचं मशीन वेगळंच ठेवलं, फक्त त्याचं नाव आता कोणाला दिसत नाही. शोभाकाकूंना मानानं घरच्या नेटवर्कात घेतलं. टीव्हीही घरात आला, आणि वहिनींचं माहेर शांत झालं.

मध्यंतरी रेणूला भेटायला अकोल्याला गेलो. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि कंपनीचा तातडीचा निरोप आला. लॅपटॉप सोबत होताच. हात लावायचा नाही ही अट होती, जोडून घ्यायचा नाही अशी कुठे होती? मी नानासाहेबांना पासवर्ड मागितला.

"देतो नं!" त्यांनी अगदी आनंदानं सांगितला. "तुमच्यासाठी खास वेगळं करून ठेवलं हाय."

यादीत पाहिलं. 'पाहुणे.'

नाक मुठीत धरून आत गेलो. सवयीनं चाचपून पाहिलं. घरातलं एक यंत्र दिसेल तर शपथ! कंपनीचा रस्ताही बंद. कुठे एवढीशी फट नाही. राखणदार असा चोख, की मी स्वतः बसवला असता तरी याहून चांगला बसला नसता.

"कोणी केलं हे?" मी विचारलं.

"सुनेनं," नानासाहेब अभिमानानं म्हणाले. "आल्या आल्या पयलं काम तेच केलं तिनं. म्हणे, काकापासून घर वाचवाचं असन तर एवढा एकच उपाय हाय, अन् तो मले काकानंच शिकवला."

रेणू दारात उभी राहून गोड हसत होती. माझी छाती अभिमानानं भरून आली, पण कंपनीचं काम काही जाईना. शेवटी लॅपटॉप काखेत मारून मी शेजारच्या दारी गेलो. तिथे शोभाकाकूंच्या वहिनी राहतात. त्यांनी पाणी दिलं, पासवर्ड दिला, आणि माझ्या काखेतल्या लॅपटॉपकडे बघत हळूच विचारलं, "काहून हो भाऊ? पोरीच्या घरी बिनसलं काय?"

"छे हो," म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर बाईंनी फोन कानाला लावला होता. अमरावतीला.